रिकामा फोल्डर काढण्याआधी तो तपासू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीच्या संगणकाच्या पानावर लिनक्स सर्व्हरवरचे रिकामे फोल्डर रात्री आपोआप काढून टाकण्याची कृती चौकटीत छापून आली. कृती थोडक्यात अशी: फोल्डरात ‘एलएस’ (आतली नावे दाखवणारी कमांड) चालवा, आलेल्या ओळी ‘डब्ल्यूसी -एल’ने मोजा, उत्तर शून्य आले की तो फोल्डर ‘आरएम -आरएफ’ने उडवा. वाचायला सरळ आहे. पण अशी चौकट कापून सर्व्हरच्या खोलीत भिंतीला चिकटवणारे लोक असतात, म्हणून हे पत्र. या कृतीत अक्षराची चूक नाही, विचाराची आहे. फोल्डर रिकामा आहे की नाही हे आधी आपण ठरवायचे आणि मग आत काय आहे ते न बघता सगळे पुसणाऱ्या कमांडच्या तोंडी तो द्यायचा, असा हा प्रकार. ‘रिकामा असेल तरच काढ, नाहीतर हात लावू नकोस’ हे एका दमात सांगणारा सिस्टम कॉल (प्रोग्रामने कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याला, घातलेली हाक) गेली चाळीस वर्षे आहे. त्याचे नाव ‘आरएमडिर’, आणि त्याच नावाची कमांडही प्रत्येक लिनक्सवर असते. (कमांड अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या, इथे आपल्या छपाईसाठी देवनागरीत लिहितो.)

आधी चौकटीतल्या कृतीचे बघू. साधा ‘एलएस’ टिंबाने सुरू होणारी नावे दाखवत नाही. वेबसाइटच्या एखाद्या फोल्डरात ‘.एचटीअ‍ॅक्सेस’ किंवा ‘.ईएनव्ही’ एवढी एकच फाइल असेल, तर मोजणी शून्य येते आणि पासवर्ड, सेटिंग सगळे फोल्डरासकट जाते. त्यावर ‘एलएस’ला लहान ‘ए’चा पर्याय लावावा, तर ‘.’ आणि ‘..’ या दोन नोंदीही मोजल्या जातात आणि खरोखर रिकाम्या फोल्डरचे उत्तर दोन येते. मोठ्या ‘ए’ने ते सुटते, पण पुढची भोके तशीच राहतात.

दुसरे भोक जास्त वाईट. ‘एलएस’ला फोल्डर वाचताच आला नाही, म्हणजे परवानगी नाही, डिस्कवर वाचनदोष आहे किंवा नेटवर्कवरून जोडलेला भाग क्षणभर तुटला आहे, तर त्याची तक्रार एररच्या वाटेने निघून जाते. मोजणीच्या पाइपात एकही ओळ येत नाही आणि ‘डब्ल्यूसी’ प्रामाणिकपणे शून्य सांगतो. न वाचता आलेला फोल्डर आणि रिकामा फोल्डर यांत या स्क्रिप्टला फरकच कळत नाही. बहुतेक वेळा ‘आरएम’लाही तो वाचता येत नाही म्हणून आपण बचावतो. नेटवर्क तुटून दोन सेकंदांत पुन्हा जुळले, तर मात्र मोजणी तुटलेल्या फोल्डरची होते आणि पुसणी भरलेल्याची.

तिसरे, नावातली मोकळी जागा. चौकटीत ‘आरएम’ला दिलेल्या फोल्डरच्या नावाभोवती अवतरणचिन्हे नाहीत. ‘जमा खर्च’ नावाचा फोल्डर आला की ‘आरएम’ला ‘जमा’ आणि ‘खर्च’ अशी दोन नावे मिळतात. शेजारी ‘जमा’ नावाचा खराखुरा, कागदांनी भरलेला फोल्डर असला तर तो जातो, आणि रिकामा ‘जमा खर्च’ होता तिथेच राहतो. ‘-एफ’ असल्यामुळे ‘खर्च’ सापडला नाही याची साधी ओळही पडद्यावर येत नाही.

ही तिन्ही भोके बुजवता येतील. चौथे बुजत नाही, कारण ते दोन पायऱ्यांच्या मधल्या वेळेत आहे. मोजणी झाली आणि पुसणी सुरू झाली, यांच्यामध्ये काही मिलिसेकंद जातात, कामाचा ताण असलेल्या सर्व्हरवर जास्त. स्कॅनरचे सॉफ्टवेअर आधी तारखेचा फोल्डर तयार करते आणि मग त्यात पहिले पान टाकते. ते पान नेमके या मधल्या वेळेत पडले की गेले. स्क्रिप्ट कितीही काळजीपूर्वक लिहा, ‘आधी बघणे, मग करणे’ या रचनेत ही फट राहणारच.

लिनक्सचा पूर्वज असलेल्या युनिक्सने ही फट स्वतःच्या अंगावर भोगलेली आहे. बेल लॅब्जमधून 1979 मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत फोल्डर काढणारा सिस्टम कॉलच नव्हता. ‘आरएमडिर’ हा रूटच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) अधिकाराने चालणारा एक साधा प्रोग्राम होता. तो फोल्डर फाइलसारखा उघडून त्यातल्या 16-16 बाइटच्या नोंदी वाचत असे. प्रत्येक नोंदीत 2 बाइट आयनोडचा (डिस्कवरच्या फाइलच्या मूळ नोंदीचा) क्रमांक आणि 14 बाइट नाव. ‘.’ आणि ‘..’ यांखेरीज काही नाही असे दिसले की ती दोन नावे आणि शेवटी खुद्द फोल्डरचे नाव ‘अनलिंक’ करत, म्हणजे खोडत, असे. म्हणजे आपल्या चौकटीतलीच कृती, फक्त सी भाषेत. पाहणे आणि अनलिंक करणे यांच्या मधे कुणी फाइल घातली, तर ती डिस्कवर राही पण तिच्यापर्यंत पोचायची वाट नाहीशी होई, आणि डिस्क तपासणारी साधने चालवून अशा अनाथ फाइली हुडकाव्या लागत. फोल्डर करणाऱ्या ‘एमकेडिर’ची गत आणखी बिकट होती. तो आधी फोल्डर तयार करी आणि मग त्याची मालकी वापरणाऱ्याच्या नावे करी. मधल्या क्षणी कुणी त्या नावाच्या जागी पासवर्डच्या फाइलची लिंक (तिचेच दुसरे नाव) बसवली, की मालकी त्या फाइलची बदलून मिळे. 1983 मध्ये 4.2 बीएसडी ही युनिक्सची आवृत्ती आली, तिच्यात बर्कली विद्यापीठाच्या मंडळींनी एमकेडिर, आरएमडिर आणि रिनेम हे तिन्ही कर्नलमधले कॉल करून टाकले, तेव्हा हे थांबले. त्याच वर्षीच्या एमएस-डॉस 2.0 मध्येही फोल्डर आले ते इंटरप्ट 21एच, फंक्शन 3एएच या काढून टाकण्याच्या सोयीसकटच, आणि तीही भरलेल्या फोल्डरला नकार देई.

कर्नल नेमके काय करतो ते जवळून पाहण्यासारखे आहे, कारण सगळी सुरक्षितता तिथे आहे. लिनक्सवर ‘आरएमडिर’ची हाक गेली की कर्नल आधी वरच्या फोल्डरला, म्हणजे पालकाला, कुलूप लावतो आणि परवानगी पाहतो. मग काढायच्या फोल्डरलाही कुलूप लावतो आणि तिथे दुसरी डिस्क माउंट केलेली, म्हणजे जोडलेली, नाही ना, हे बघतो. दोन्ही कुलपे हातात असताना काम फाइल सिस्टमकडे (डिस्कवरची मांडणी सांभाळणाऱ्या भागाकडे) जाते. ईएक्सटी4 ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टम त्या फोल्डरचे ब्लॉक चाळून ‘.’ आणि ‘..’ सोडून एक जरी नोंद सापडली तरी तिथूनच नकार कळवते. काही सापडले नाही तर पालकातली नोंद खोडली जाते, लिंकची संख्या शून्य होते आणि कर्नल त्या फोल्डरवर ‘एस_डेड’ अशी खूण मारतो. एखाद्या प्रोग्रामने तो फोल्डर आधीपासून उघडून ठेवला असला तरी या खुणेनंतर त्याला आत नवी फाइल करता येत नाही. आणि फाइल करायची तर त्या प्रोग्रामलाही तेच कुलूप लागते. म्हणून दोनच गोष्टी घडू शकतात: त्याची फाइल आधी पडली तर ‘आरएमडिर’ला नकार मिळतो, ‘आरएमडिर’ आधी झाला तर फाइल करणाऱ्याला ‘असा फोल्डर नाही’ असे उत्तर मिळते. फाइल तयार झाली आणि मग गुपचूप गेली, ही तिसरी शक्यता राहतच नाही.

एक बारीक गोष्ट, ‘एसट्रेस’ (प्रोग्रामचे सिस्टम कॉल दाखवणारे साधन) लावून बघणाऱ्यांसाठी. 64 बिटी इंटेल-एएमडी यंत्रांवर हा कॉल 84 क्रमांकाचा. 64 बिटी एआरएमवर, उदाहरणार्थ रास्पबेरी पायवर, तो स्वतंत्र नाहीच. तिथे ‘अनलिंकअ‍ॅट’ हा 35 क्रमांकाचा कॉल ‘एटी_रिमूव्हडिर’ या खुणेसह जातो. ‘आरएमडिर’ शोधून सापडला नाही म्हणून काम झालेच नाही असे समजू नये.

आता नकारांबद्दल, कारण खरा उपयोग नकार वाचण्यात आहे. ‘ईनॉटएम्प्टी’, लिनक्सवर क्रमांक 39, म्हणजे आत काहीतरी आहे. आवराआवरीच्या कामात ही चूक नव्हे, ते अपेक्षित उत्तर आहे. पुढच्या फोल्डराकडे जावे. पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाने याऐवजी ‘ईएक्झिस्ट’ देण्यालाही मुभा दिली आहे आणि सोलारिस ही युनिक्स तेच देते. मॅकवर ‘ईनॉटएम्प्टी’चा क्रमांक 66 आहे. म्हणून प्रोग्रामात तुलना नावाशी करावी, आकड्याशी नको. बाकीचे नकार मात्र गिळू नयेत. ‘ईबिझी’ आला तर तिथे काहीतरी माउंट केलेले आहे. ‘ईनॉटडिर’ आला तर बहुधा ती दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी सिम्बॉलिक लिंक आहे. ती ‘आरएमडिर’ने जात नाही आणि जाऊही नये. ‘ईइनव्हॅल’ बहुतेकदा मार्गाच्या शेवटी टिंब राहिल्यामुळे येतो.

‘ईअ‍ॅक्सेस’ आणि ‘ईपर्म’ यांत लोक हमखास गोंधळतात. फोल्डर काढायला त्या फोल्डरवरची परवानगी लागत नाही, पालकावरची लागते: लिहिण्याची आणि आत शिरण्याची, दोन्ही. ती नसली तर ‘ईअ‍ॅक्सेस’. परवानगी असूनही ‘ईपर्म’ येतो तो बहुधा पालकावर स्टिकी बिट असतो म्हणून. ‘/टीएमपी’वर 1777 असे मोड (परवानग्यांचा आकडा) असते, त्यातला पहिला 1 तो हाच, तिथे फोल्डरचा मालक, पालकाचा मालक आणि रूट यांनाच काढता येते. स्वतःच्या फोल्डरला 777 (सर्वांना सर्व परवानग्या) देऊन बसणाऱ्यांचा प्रश्न इथे सुटत नाही, कारण ते भलत्याच दारावर किल्ली फिरवत असतात.

आणि ‘ईआरओएफएस’. फाइल सिस्टम फक्त वाचण्यापुरती उरली आहे, असा त्याचा अर्थ. काल रात्रीपर्यंत लिहिता येत होते आणि आज हा नकार आला, तर डिस्कवर दोष आढळल्यामुळे कर्नलने ती स्वतःहून तशी केलेली असण्याचा संभव मोठा. सफाईची स्क्रिप्ट सगळे एरर ‘/डेव्ह/नल’मध्ये ढकलत असेल, तर मरायला टेकलेल्या डिस्कची पहिली सूचना आपण रोज रात्री कचऱ्यात टाकत असतो.

क्रम. फोल्डरात फोल्डर असतील तर तळापासून वर यावे लागते. 2019/04/17 गेल्याशिवाय 2019/04 रिकामा होत नाही. ‘फाइंड’ या शोधणाऱ्या कमांडला ‘-डेप्थ’ सांगितले की तो याच क्रमाने जातो, आणि ‘-डिलीट’ लिहिले की ‘-डेप्थ’ आपोआप लागू होते. इथे एक प्राणघातक खड्डा आहे. ‘फाइंड’ अटी डावीकडून उजवीकडे तपासतो. ‘-टाइप डी -एम्प्टी -डिलीट’ म्हणजे फोल्डर असेल, रिकामा असेल, तर काढ. ‘-डिलीट’ हा शब्द चुकून आधी पडला, तर तो प्रत्येक गोष्ट आधी काढतो आणि मग ती रिकामी होती का ते पाहतो. आधी ‘-डिलीट’च्या जागी ‘-प्रिंट’ घालून यादी बघावी. पण ‘-प्रिंट’ने खालचा फोल्डर जात नसल्यामुळे त्यावरचे फोल्डर त्या यादीत येत नाहीत, प्रत्यक्षात यादीपेक्षा जास्त जातील, हे धरून चालावे.

पायथनवाल्यांचा खड्डा वेगळा. ‘ओएस.वॉक’ (फोल्डरांच्या झाडातून फिरणारे फंक्शन) तळापासून वर चालवला, तरी तो प्रत्येक फोल्डरातल्या उपफोल्डरांची यादी आधीच करून ठेवतो. खालचे सगळे आपण काढले तरी वरच्याच्या यादीत त्यांची नावे तशीच असतात. ‘उपफोल्डर नाहीत आणि फाइली नाहीत’ अशी अट घालणारा प्रोग्राम म्हणून एका फेरीत फक्त सगळ्यात खालचा थर काढतो, आणि लिहिणारा डोके खाजवत बसतो. उपाय इथेही तोच: यादी पाहूच नका, प्रत्येक फोल्डरवर ‘ओएस.आरएमडिर’ चालवा, ‘ईनॉटएम्प्टी’ पकडून सोडून द्या, बाकी एरर वर जाऊ द्या.

‘आत काहीच नाही, तरी काढत नाही’ ही तक्रार तर रोजची. आत काहीतरी असतेच. मॅकवरून कुणी तो फोल्डर उघडला असेल तर ‘.डीएस_स्टोअर’, विंडोजवरून उघडला असेल तर लपलेली ‘थंब्स.डीबी’ किंवा ‘डेस्कटॉप.आयएनआय’. ही काढली तरी कुणाचे काही अडत नाही. एनएफएसवर (नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर) मात्र ‘.एनएफएस’ने सुरू होऊन पुढे लांबलचक आकडे असलेली फाइल दिसली तर थांबावे. एखाद्या प्रोग्रामने उघडून ठेवलेली फाइल दुसऱ्याने पुसली, की एनएफएस ती खरी न पुसता असे नाव देऊन बाजूला ठेवते. ती पुसा, पुन्हा उगवते. ‘एलएसओएफ’ने तो प्रोग्राम शोधून बंद केला की ती आपसूक जाते आणि मग ‘आरएमडिर’ चालतो.

मराठी नावांच्या फोल्डरांचा घोळ इंग्रजी मार्गदर्शिकांत कुठेच सापडत नाही, म्हणून तो इथे सविस्तर लिहितो. समजा फोल्डर आहे ‘दुसऱ्या तिमाहीचे दाखले’. यातला ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो: ‘ऱ’ हे यू+0931 क्रमांकाचे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि ‘या’, किंवा साधा ‘र’, हलन्त, न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर आणि ‘या’, किंवा साधा ‘र’, त्याखाली नुक्ता, हलन्त आणि ‘या’. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. यूटीएफ-8 या साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते, त्यामुळे पहिल्या तऱ्हेने लिहिलेला ‘दुसऱ्या’ 21 बाइटचा आणि उरलेल्या दोन्ही तऱ्हांनी 24 बाइटचा होतो. युनिकोडच्या नियमाने पहिली आणि तिसरी तऱ्हा समान आहेत. पण ईएक्सटी4 नेहमीच्या मांडणीत नाव म्हणून फक्त बाइट पाहते; तिच्या दृष्टीने ही तीन वेगळी नावे आहेत आणि तिन्ही फोल्डर शेजारीशेजारी सुखाने नांदू शकतात. जॉइनरवाली तऱ्हा काही कळफलकांतून आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर बदलणाऱ्या साधनांतून येते. नुक्तावाली जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस डिस्कवरून, कारण ती डिस्क नावे सुटी करून साठवत असे. मग होते काय, की ‘एलएस’मध्ये फोल्डर डोळ्यांसमोर दिसतो, तेच नाव आपण कळफलकावरून टाइप करतो आणि ‘आरएमडिर’ म्हणतो ‘असा फोल्डर नाही’. यावर नाव टाइपच करू नये. पहिली दोन अक्षरे लिहून टॅब दाबावी, म्हणजे शेल (कमांड घेणारा प्रोग्राम) डिस्कवरचे बाइट जसेच्या तसे उचलतो. तेही गोंधळले तर ‘एलएस -आय’ने त्या फोल्डरचा आयनोड क्रमांक घ्यावा आणि ‘फाइंड’ला ‘-आयनम’ या अटीने तो क्रमांक देऊन त्यावर ‘-एक्झेक आरएमडिर’ लावावे. क्रमांकाला जोडाक्षरांची अडचण नसते. जाता जाता: एका नावाला 255 बाइटची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीत 85 चिन्हे, आणि यात काना, वेलांटी, हलन्त सगळे धरून. पूर्ण विषय लिहिलेले सरकारी पत्राचे शीर्षक फोल्डरला नाव म्हणून द्यायला गेले की ते इथेच आपटते.

रिकामा म्हणजे निकामी नव्हे, हे तर चौकटीत कुठेच आले नाही. बाहेरची बॅकअप डिस्क काढून ठेवलेली असते तेव्हा तिचा माउंट पॉइंट (ती जिथे जोडली जाते ती जागा) हा एक रिकामा फोल्डरच असतो. सफाईने तो नेला की दुसऱ्या दिवशी ‘माउंट पॉइंट नाही’ म्हणून बॅकअप थांबतो. ईमेलच्या मेलडिर रचनेत प्रत्येक खात्याला ‘टीएमपी’, ‘न्यू’ आणि ‘कर’ असे तीन फोल्डर लागतात. वाचून झालेली पत्रे ‘कर’मध्ये जातात, म्हणून टपाल वेळेवर वाचणाऱ्या माणसाचे पहिले दोन्ही नेहमी रिकामेच असतात. ते काढले की येणारी पत्रे अडतात, आणि फटका नेमका शिस्तीच्या माणसाला बसतो. म्हणून सफाई नेमक्या एका झाडापुरती असावी, जिथले फोल्डर आपल्याच सॉफ्टवेअरने तारखेनुसार केलेले आहेत. ‘/व्हार’, ‘/एमएनटी’ किंवा होमच्या मुळापासून ती कधीही चालवू नये.

चालू कामाशी टक्कर टाळायला वयाची अट घालावी: एक तास ज्याला कुणी हात लावला नाही असाच फोल्डर. आतली एखादी नोंद वाढली किंवा गेली, की फोल्डरची वेळ ताजी होते. त्यामुळे खालचा फोल्डर काढताच वरच्याचे वय पुन्हा शून्यापासून मोजले जाते, आणि जो प्रोग्राम त्या क्षणी नव्याने वेळ विचारतो तो एका रात्रीत एकच थर काढतो. तीन थरांना तीन रात्री लागल्या तर बिघडले काही नाही. फाइल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही ‘असा फोल्डर नाही’ आल्यास फोल्डर पुन्हा करून एकदा प्रयत्न करण्याची सोय हवी, कारण ‘आरएमडिर’ फाइल वाचवतो, पण नुकताच केलेला रिकामा फोल्डर त्याच्या हातून जाऊ शकतो.

विंडोजबद्दल थोडेच. तिथे ‘आरडी’ ही कमांड ‘/एस’शिवाय वापरली तर ती ‘आरएमडिर’सारखीच वागते आणि भरलेल्या फोल्डरला 145 क्रमांकाचा नकार देते, ‘/एस’ लावले की ती ‘आरएम -आरएफ’ची बहीण. दुसरा कुठला प्रोग्राम त्याच फोल्डरात बसलेला असेल तर 32 क्रमांकाचा एरर येतो. लिनक्स अशा वेळी खुशाल काढू देतो, आणि आत बसलेल्या प्रोग्रामच्या पायाखालची जमीन जाते. शिवाय विंडोज फोल्डरवर आधी ‘काढायचा आहे’ अशी खूण करते आणि शेवटच्या वापरणाऱ्याने सोडल्यावरच तो खरा जातो. अँटिव्हायरसने खालचा फोल्डर क्षणभर धरून ठेवला, तर वरच्याला 145 येतो, आणि अर्ध्या सेकंदाने तीच कमांड बिनबोभाट चालते. विंडोज 10 च्या पुढच्या आवृत्त्यांत एनटीएफएस या तिथल्या फाइल सिस्टमवर हे बरेच सुधारले आहे. तरी दोन-तीन वेळा थांबून पुन्हा प्रयत्न करणे तिथे शहाणपणाचे.

चौकटीत शेवटी म्हटले आहे की यामुळे डिस्क मोकळी होते. हिशेब करून पाहावा. ईएक्सटी4 वर रिकामा फोल्डर 4096 बाइटचा एक ब्लॉक आणि एक आयनोड घेतो. 12 शाखा, रोज एक फोल्डर, 10 वर्षे: 43,800 फोल्डर, आणि ते सगळे रिकामे असले तरी सुमारे 180 एमबी. दहा लाख झाले तरी 4 जीबीच्या आसपास. खरी टंचाई आयनोडची होऊ शकते. नेहमीच्या मांडणीत 16,384 बाइटमागे एक, म्हणजे 100 जीबीच्या डिस्कला साधारण 65 लाख, आणि ते डिस्क बनवतानाच ठरतात. ‘डीएफ -आय’ने वापर बघावा. तो दहा टक्क्यांच्या आत असेल तर रिकामे फोल्डर काढण्याची खरे म्हणजे घाईच नाही. बॅकअपला आणि शोधायला लागणारा वेळ वाचतो, इतकाच लाभ.

चौकट दुरुस्त करून छापणार असाल तर त्यात ही एकच ओळ द्यावी:

फाइंड /डेटा/स्कॅन -एक्सडेव्ह -माइंडेप्थ 1 -टाइप डी -एम्प्टी -एममिन +60 -डिलीट

‘-एक्सडेव्ह’मुळे शोध दुसऱ्या डिस्कवर जात नाही, ‘-माइंडेप्थ 1’मुळे मुळचा ‘स्कॅन’ फोल्डर रिकामा झाला तरी राहतो, आणि ‘-डिलीट’ फोल्डरसाठी आतून ‘आरएमडिर’चेच काम करतो, त्यामुळे शेवटच्या क्षणी आत फाइल पडली तरी तिला धक्का लागत नाही. ओळ रोमनमध्ये छापावी, आणि आपल्या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरला तेवढ्यापुरते आवरावे. मागच्या चौकटीत प्रत्येक पर्यायाच्या आधीच्या साध्या हायफनचा लांब डॅश झाला होता; ‘फाइंड’ डॅशला पर्याय मानत नाही, त्याला ते एखाद्या फाइलचे नाव वाटते.

नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.

आपला,
एक वाचक
(सर्व्हर व्यवस्थापन), पुणे